कागदावरचं पाणी

मैत्रिणींनो, आपलं बायकांचं आणि पाण्याचं नातं वेगळं सांगायला नको. नळाला पाणी किती वाजता येतं, त्याला जोर कोणत्या मजल्यापर्यंत असतो, टाकी भरायला किती वेळ लागतो, हे घरातली बाई झोपेतही सांगेल. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तर २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड झालं. त्यामुळे नळ असणं वेगळं आणि नळाला पाणी असणं वेगळं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तरीही गेल्या वर्षी मी नेमकी हीच गोष्ट विसरले होते. ती मला आठवून दिली आमच्या गटातल्या, जेमतेम सातवीपर्यंत शिकलेल्या एका बाईने.

मी राहते निगडीला. बी.ए. झाले, लग्न झालं, संसार, मुलं, आणि मुलं हाताखालची निघाल्यावर बचत गटाचं काम, असा माझा सरळ प्रवास. आमच्या गटात आम्ही चौदा जणी. चाकणच्या कारखान्यांना लागणारे ॲप्रन, सुती हातमोजे, मशिनवर घालायची कव्हरं आम्ही शिवून देतो. सुरुवात एकीच्या घराच्या पुढच्या खोलीत झाली. मग काम वाढलं, शिलाई यंत्रं वाढली आणि चाकणजवळच्या एका गावाच्या हद्दीत आम्ही पहिल्या मजल्यावर गाळा भाड्याने घेतला. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम, शेजारी दोन लहान वर्कशॉप.

गाळा बघायला गेलो तेव्हा छताला लालचुटूक पाईप दिसले. त्यांना ठरावीक अंतरावर छोट्या तोट्या. मालक अभिमानाने म्हणाले, "ताई, आपल्याकडे फायरचं सगळं काम केलेलं आहे. स्प्रिंकलर आहेत, काळजीच करू नका." मला बरं वाटलं. गटातल्या बायकांनाही मी मोठ्या कौतुकाने ते पाईप दाखवले होते.

वर्षभर त्या पाईपांकडे कुणी बघितलं नाही. मग एका मोठ्या कंपनीकडून वर्षभराच्या कामाची विचारणा आली. आम्हा चौदा जणींच्या दृष्टीने ती लॉटरीच होती. यंत्रांच्या कर्जाचे हप्ते त्यातून सुटणार होते. कागदपत्रांच्या यादीत शेवटची ओळ होती, 'अग्निशमन ना हरकत दाखला व चालू बी फॉर्म'. मुदत पंधरा दिवस.

बी फॉर्म म्हणजे काय, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना नसेल, म्हणून सविस्तर सांगते.

मी आधी गेले पिंपरीत संत तुकारामनगरला, महापालिकेच्या अग्निशमन केंद्रात. तिथल्या माणसाने बसायला खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, गाळा नेमका कुठं आहे?" मी गावाचं नाव सांगितलं. "मग ती आमची हद्द नाही." तेव्हा मला कळलं की रस्ता एकच, कारखान्यांची रांग एकच, पण भिंत ओलांडली की ऑफिस बदलतं. शहरात महापालिकेचं अग्निशमन दल. एमआयडीसीच्या प्लॉटवर असाल तर एमआयडीसीचा स्वतःचा अग्निशमन विभाग. आणि आमच्यासारखे गावाच्या हद्दीत, या दोन्हींच्या बाहेर असाल, तर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. हे आधी माहीत असतं तर माझे दोन दिवस, बसचं भाडं आणि नाशिक रस्त्यावरच्या जाममधली डोकेदुखी वाचली असती. तेव्हा पहिलं काम, आपली जागा कुणाच्या हद्दीत आहे ते घरपट्टीच्या पावतीवरून किंवा सातबाऱ्यावरून बघून ठेवा.

मग आकुर्डीला पीएमआरडीएच्या कार्यालयात गेले. वही बरोबर नेली होतीच. तिथे समजलं ते असं. आपल्या राज्यात २००६ सालचा कायदा आहे, 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम'. नाव लांबलचक आहे, पण सांगणं सोपं आहे. इमारतीत आगीपासून बचावाची जी साधनं हवीत ती बसवायची आणि चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. म्हणजे भाडेकरूही सुटत नाही! कुठे नुसती अग्निशमन नळकांडी पुरतील आणि कुठे स्प्रिंकलर लागतील, हे जागेचा वापर, उंची, क्षेत्रफळ यांवर ठरतं. त्याचे नियम राष्ट्रीय इमारत संहितेत आहेत. आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशातच स्प्रिंकलर दाखवलेले होते, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता.

परवानगी मिळते दोन टप्प्यांत. इमारत बांधण्याआधी वास्तुविशारद नकाशा देतो. त्यात टाकी कुठे, पंप कुठे, पाईप कसे जाणार, जिने किती, हे सगळं दाखवावं लागतं. ते तपासून, शुल्क घेऊन प्राथमिक ना हरकत दाखला मिळतो. मग काम करायचं ते परवानाधारक एजन्सीकडूनच. हा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे संचालक देतात आणि अशा एजन्सींची यादी त्यांच्याकडे असते. काम झालं की एजन्सी 'नमुना अ' म्हणजे ए फॉर्म देते. त्यानंतर अधिकारी येऊन प्रत्यक्ष पाहणी करतात आणि मग अंतिम दाखला. इथे सगळ्यांना वाटतं की संपलं. पण खरं काम पुढेच असतं. दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीने यंत्रणा तपासून ती चालू असल्याचं लिहून द्यायचं. हाच तो 'नमुना ब', आपला बी फॉर्म. हयगय केली तर नोटीस येते, वीज-पाणी तोडता येतं, जागेला सीलही लागू शकतं.

मालकांकडे जुने दाखले होते. बी फॉर्म मात्र कित्येक वर्षांत कुणी काढलाच नव्हता. ते म्हणाले, "एवढं काय त्यात! माझा माणूस आहे, देईल करून."

दुसऱ्या दिवशी तो माणूस दुचाकीवरून आला. अगदी आदबीने बोलला. "भाडेकराराची प्रत तेवढी व्हॉट्सॲप करा ताई. परवा कागद घरपोच."

"जागा बघायची नाही का?"

"बघायचं काय त्यात? पाईप आहेत ना?"

आता खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पैसे जरा जास्त सांगत होता, पण ऑर्डरपुढे ते काहीच नव्हते. संध्याकाळी गटाची बैठक बोलावली आणि पेढ्यांचा पुडा घेऊनच गेले. सगळ्या खूश. इस्त्री आणि पॅकिंग करणारी आमची एक मावशी तेवढी गप्प बसली होती. मराठवाड्यातून आलेली, आमच्याकडे येण्याआधी तळवड्यातल्या एका शेडमध्ये पाच वर्षं पॅकिंगला होती.

"पाईप हायेत हो ताई," ती म्हणाली, "पर त्यात पाणी हाय का? आमच्या गावाला बी नळ योजना आलती. दारोदार नळ बसवले. पाणी काय आलं न्हाई."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रात्री झोप लागेना. तळवडं म्हटलं की आमच्या भागात कुणालाही ८ डिसेंबर २०२३ ची दुपार आठवते. वाढदिवसाच्या केकवर फुलबाजीसारख्या पेटतात त्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. त्या दिवशीच सहा जीव गेले आणि नंतर रुग्णालयात एकेक करत आकडा वाढत गेला. गेलेल्यांत बहुतेक बायकाच. त्या उद्योगाला परवानगीच नव्हती, हे मागाहून पुढे आलं. त्याआधी ७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यातल्या उरवड्यात रसायनाच्या कंपनीत सतरा कामगार गेले, त्यांत पंधरा बायका होत्या.

स्प्रिंकलर असते तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. दारूकाम आणि रसायनं यांची आग वेगळी असते, तिला उपायही वेगळे लागतात. पण परवानगी मागायला कुणी गेलं असतं, तर जाणकार माणसाने येऊन ती जागा आधी डोळ्यांनी पाहिली असती. परवानगीचा खरा उपयोग तोच आहे. आणि मी तर तेवढंच टाळायला निघाले होते! बघायला न येता मिळणारा कागद मी पेढे वाटून घेणार होते.

सकाळी आम्ही चौघी गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण उघडलं. तळाला वाळलेला गाळ, भेगा पडलेला. खाली पंपाच्या खोलीत सिमेंटची पोती आणि जुने टायर. पंपाची वायर काढून टाकलेली. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर. मुख्य व्हॉल्व्हचं चाक गंजून बसलेलं. पाईपांचा रंग तेवढा नवाकोरा! रंगाऱ्याने त्या नादात छताच्या तोट्याही रंगवून टाकल्या होत्या.

ह्या तोटीचं काम कसं चालतं, ते मला पुढे एजन्सीच्या माणसाने समजावलं. तिच्या तोंडाशी काचेची बोटभर कुपी असते, आत रंगीत द्रव. लाल द्रवाची कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि फक्त तेवढ्याच तोटीतून पाणी पडतं. सिनेमात दाखवतात तसं सगळीकडून एकदम नाही. म्हणजे आग जिथे सुरू झाली तिथेच, माणूस येण्याआधी पाणी सुरू होतं. त्यासाठी पाईपात पाणी सदैव दाबाने भरलेलं लागतं. तो दाब राखायला एक छोटा पंप असतो, त्याला जॉकी पंप म्हणतात. दाब उतरला की मोठा पंप आपोआप सुरू होतो, आणि वीज गेली तर डिझेलवरचा. कुपीवर रंग चढला की तिला उष्णता लवकर कळत नाही, म्हणून रंगवलेली तोटी बदलावीच लागते.

त्याहून मोठा धक्का मागच्या जिन्याशी बसला. दाराला कुलूप आणि किल्ली गोदामवाल्याकडे, जो संध्याकाळी पाचला घरी जातो. आम्ही सीझनमध्ये आठपर्यंत काम करायचो. वर चौदा जणी आणि कापडाच्या गाठी, खाली पुठ्ठा, खिडक्यांना गज.

मला कॉलेजात इतिहास होता. तेव्हा वाचलेली एक गोष्ट त्या दाराशी उभी असताना आठवली. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या कपडे शिवायच्या कारखान्यात आग लागली. इमारतीच्या वरच्या मजल्यांवर शिलाईकाम चाले. एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ जीव गेले, बहुतेक तरुण मुली. स्प्रिंकलर ही काही तेव्हा नवलाईची चीज नव्हती. १८७४ मध्येच अमेरिकेत एका पियानोच्या कारखानदाराने आपला माल वाचवण्यासाठी ते बसवले होते. मुलींसाठी बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच. ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई होती. पुढे तिने कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आयुष्य घातलं आणि १९३३ मध्ये अमेरिकेची पहिली महिला मंत्री झाली. शंभराहून अधिक वर्षं झाली आणि चाकणजवळ आम्हीही शिवणकामच करत होतो, कुलूप लावलेल्या दाराआड!

पुन्हा बैठक घेतली. या वेळी पेढे नव्हते. मी जे पाहिलं ते सांगितलं आणि म्हटलं, हा कागद घ्यायचा नाही. सगळ्यांना पटलं असं मुळीच नाही. एकीने सरळ विचारलं, "ताई, आग लागेल का नाही कुणास ठाऊक. हप्ता मात्र पाच तारखेला येणारच. तो कोण भरणार?" तिच्यावर मी रागावू शकले नाही. तिचा नवरा कंत्राटी, दोन मुलं शाळेत. माझ्या घरी पगार येतो, म्हणून मला हे बोलणं परवडतं, हे तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं.

शेवटी इस्त्रीवाली मावशीच बोलली. "हप्ता मी बी भरतेच की. पर सांजच्याला घरला गेलं पायजे ना भरायला."

कंपनीच्या खरेदी विभागाला मी खरं ते लिहून कळवलं आणि मुदत मागितली. मुदत मिळाली नाही. ऑर्डर दुसरीकडे गेली. तीन महिने आम्ही घरोघरी बसून कापडी पिशव्या शिवल्या. दोघी जणी गट सोडून गेल्या. हप्त्याचा प्रश्न विचारणारी त्यांतली एक. हे मी लपवणार नाही, कारण अशा गोष्टींची किंमत पडते, आणि ती बहुतेक वेळा सर्वांत कमी शिल्लक असलेल्या बाईला पडते.

मालक आधी दाद देईनात. मग मी गोदामवाले आणि वर्कशॉपवाले अशा सगळ्यांना एकत्र केलं. गच्चीवर नेऊन टाकी दाखवली. गोदामवाल्यांना तर त्यांच्या विम्याची काळजी लागली. आम्ही सगळ्यांनी सह्या करून मालकांना पत्र दिलं की दुरुस्ती होईपर्यंत भाडं वाढवून देणार नाही आणि न झाल्यास जागा सोडू. चार गाळे एकदम रिकामे होणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. पंप, टाकी आणि व्हॉल्व्हचा खर्च त्यांनी केला, देखभालीचा वर्षाचा करार आम्ही गाळेधारकांनी वाटून घेतला. एजन्सी आम्ही संचालकांच्या यादीतून निवडली, तिचा परवाना चालू आहे का हे विचारून. रंगवलेल्या सगळ्या तोट्या बदलल्या. मागच्या दाराचं कुलूप त्याच दिवशी निघालं होतं. आता नुसती आतून कडी आहे, कुणालाही हाताने उघडेल अशी.

चार महिन्यांनी अधिकारी पाहणीला आले. पाईपांच्या शेवटच्या टोकाला चाचणीसाठी एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडायला सांगितला. क्षणभर नुसती हवा फुसफुसली. माझ्या छातीत धडधडायला लागलं. मग एकदम घंटा वाजायला लागली, खाली मोठा पंप घरघरला आणि काळपट, मग तांबूस, मग स्वच्छ पाणी जोरात यायला लागलं. मावशीने पुढे होऊन त्या धारेखाली हात धरला. "आलं गं बाई पाणी!" असं ती अशी ओरडली, की अधिकाऱ्यांनाही हसू आलं. त्या दिवशी पेढे त्यांनी आणले नाहीत, मी आणले!

सहा महिन्यांनी त्याच कंपनीने आम्हाला काम दिलं, पहिल्याच्या निम्मं. सोडून गेलेल्यांपैकी एक परत आली. हप्त्याची विचारणारी आली नाही. तिला दुसरीकडे नोकरी लागली, असं कळलं. त्या जागेचं मागचं दार उघडं असतं का, हे तिला विचारायचं माझ्या मनात आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात औद्योगिक पट्टा नसेल. पण मंगल कार्यालय असेल, मुलांचा क्लास असेल, नवीन मॉल, रुग्णालय, कापड दुकान असेल. तिथे तुम्ही जाताच. गटासाठी गाळा घेणार असाल तर भाड्याची घासाघीस करण्याआधी एवढं करा. अग्निशमनाचा अंतिम दाखला आणि चालू बी फॉर्म बघायला मागा. त्यावरच्या एजन्सीचं नाव वाचा. तिचा माणूस प्रत्यक्ष येऊन गेला होता का, हे शेजारच्या गाळ्यात विचारा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून बघा. दाबाचा काटा शून्यावर नाही ना, ते पाहा. मागचा जिना शेवटपर्यंत उतरून बघा. सामान रचताना स्प्रिंकलरच्या तोटीखाली किमान दीड-दोन फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर पाणी पसरतच नाही. यातलं काय अवघड आहे? आपण भाडेकरूच्या घरात नळ सोडून बघतोच की!

दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. या आठवड्यात जवळच्या केंद्रात जा, प्रात्यक्षिक मागा. आमच्याकडे ते आनंदाने आले होते.

आम्ही आता एक रीत पाडली आहे. जानेवारीत बी फॉर्मची तपासणी असते आणि तेव्हाच संक्रांतीचं हळदी-कुंकूही असतं. म्हणून दोन्ही एकाच दिवशी ठेवतो. आधी एजन्सीचा माणूस येतो, व्हॉल्व्ह उघडतो, मावशी धारेखाली हात धरते आणि म्हणते, "हाय पाणी." मग मी वहीत तारीख लिहिते, आणि त्यानंतर तिळगूळ.